चिंतामणकाकांचं प्रस्थान

आमच्या पंचवटीतले चिंतामणकाका पंचांग बघितल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत, असं मी चारचौघांत म्हणत असे आणि ते ऐकून सगळ्यांत मोठ्याने हसत ते काकाच. धंद्याने पुरोहित, स्वभावानेही पुरोहित. दिंडोरीच्या बागाईतदारांना द्राक्षाच्या छाटणीचा मुहूर्त हवा, काका आहेत. पिंपळगावच्या व्यापाऱ्याने नवा टेम्पो घेतला, काका आहेत. आमच्याकडे वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्यात पहिलं पाणी कधी सोडायचं हेही काकांनी सांगितलं होतं. तोवर घरात धुण्याचा त्र्यंबकच्या डोंगराएवढा ढीग झाला. पण ते मशीन अजून कुरकुर न करता चालतंय, त्यामुळे मला काकांची टिंगल पूर्ण मनाने कधीच करता आली नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. सांगून आलेल्या प्रत्येक पत्रिकेत त्यांना काहीतरी सापडायचं. शेवटी मुलींकडच्यांनीच पत्रिका दाखवायचं सोडून दिलं. त्यांचं सगळं गणगोत म्हणजे थोरली बहीण, उत्तराताई. आई लहानपणीच गेली, तेव्हा या ताईनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, मुंजीत भिक्षाही तिनेच वाढली. मग तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या नोकरीपायी केनियाला, नैरोबीला गेली ती तिथलीच झाली. अधूनमधून ती नाशिकला यायची. काका मात्र एकदाही तिकडे गेले नव्हते. पासपोर्ट काढून ठेवला होता, पण समुद्र ओलांडायचा योग काही पत्रिकेत बसत नव्हता.

रोज सकाळी पूजा आटोपली की व्हिडिओवर दोघांचं भांडण सुरू व्हायचं. आमच्या भिंतीपलीकडेच त्यांचं घर, त्यामुळे ते आम्हालाही फुकट मिळायचं.

"चिंत्या, दाढी कर. भूत दिसतोयस."

"चतुर्थी आहे आज, ताई."

"मग गणपती दाढी बघून पळून जातो का?"

गेल्या भाद्रपदात हे भांडण बारीक झालं. ताई उशीला टेकून बोलायला लागली, मग झोपून, मग नुसतीच बघायला लागली. एक दिवस तिचा मुलगा शौनक पडद्यावर आला आणि म्हणाला, "मामा, डॉक्टर म्हणतात, कोणाला भेटायचं असेल तर आताच. तुझं तिकीट काढलंय मी. शुक्रवारचं. आणि घाबरू नकोस, इकडे यायला आता व्हिसा लागत नाही."

मागून ताईचा आवाज आला. "ये रे. पण मुहूर्त काढत बसू नकोस. मी काही पंचांग बघून मरणार नाहीये."

व्हिसा लागत नाही, ही बातमी काकांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या पंचवटीला सांगितली. "इगतपुरीला जावं तसं जायचं! उठलो, पासपोर्ट घेतला, निघालो!" अडचण एकच होती. तो शुक्रवार पितृपक्षात येत होता आणि शुक्रवारी पश्चिमेकडे दिशाशूल असतो, म्हणजे त्या दिशेला निघायचं नसतं. "शौनक्याने तिकीट काढलं की माझ्यावर सूड घेतला?" असं म्हणून काका रात्री पंचांग घेऊन बसले आणि सकाळी हसत बाहेर आले. शास्त्रात तोड होती. प्रस्थान ठेवायचं.

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या वेळेला आपलं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या वेळेला सुरू झाला असं धरतात. मात्र ते सामान मग उघडायचं नाही, घरी परत आणायचं नाही. प्रत्यक्ष निघताना तिथूनच उचलायचं. काकांनी अनंतचतुर्दशीला सकाळी आपली निळी बॅग वाजतगाजत आमच्या देवघरासमोर आणून ठेवली. कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवली.

"चला, निघालो मी," ते म्हणाले आणि आमच्याकडे चहा पिऊन स्वतःच्या घरी झोपायला गेले. मी पोट धरून हसलो. काकाही हसले.

माझी मुलगी मृण्मयी तेवढी हसली नाही. ती नुकतीच श्रीलंका बघून आली होती. "काका, परवानगीचा अर्ज भरलात ना?"

"कसला अर्ज? व्हिसा लागत नाही."

"व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर विमानात चढूच देत नाहीत."

"अगं, दार उघडं आहे म्हणतात आणि आत येऊ का म्हणून विचारायचं?"

"हो. आणि उत्तर यायला काही दिवस लागतात. आज भरू या. पासपोर्टच्या पानाचा फोटो लागेल. कुठाय पासपोर्ट?"

काकांनी देवघराकडे बघितलं. मग मृण्मयीने बघितलं, मग मी.

"नंबर पाठ आहे मला," काका हळूच म्हणाले.

"नंबर नाही चालत हो, काका. पानच लागतं."

त्या बॅगेभोवती आमची मोठी सभा भरली. काकांचं म्हणणं, कुलूप काढलं की प्रस्थान मोडलं, आणि आता पितृपक्ष संपेपर्यंत दुसरा मुहूर्त नाही. मृण्मयी म्हणाली, अर्ज नाही भरला तर जायचंच नाही.  पन्नास वर्षं काकांनी लोकांना सांगितलं होतं, मोडलेल्या प्रस्थानाने निघालेल्याचं काम होत नाही. आणि या वेळी काम एकच होतं, ताई जिवंत भेटायची. बॅग उघडली आणि ती गेली तर? ही भीती त्यांनी बोलून दाखवली नाही. पण जानव्याची किल्ली मुठीत अशी घट्ट धरली होती की माझी चेष्टा घशातच राहिली.

"त्र्यंबकच्या शास्त्रींना विचारतो," ते म्हणाले. "ते म्हणतील तसं."

शास्त्रीबुवा काकांचे गुरू. पितृपक्षात त्र्यंबकच्या शास्त्रींना गाठणं म्हणजे लग्नसराईत आचाऱ्याला गाठणं. एका श्राद्धातून उठले की दुसऱ्यात. फोन लागेना. लागला तर घरचे म्हणत, संकल्प चालू आहे. मृण्मयी रोज विचारायची आणि काका रोज म्हणायचे, "आज सांगतील." अखेर गुरुवारी काका एसटीत बसून स्वतःच तिकडे गेले. शास्त्रीबुवांनी हात धुता धुता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिंतामणा, पासपोर्ट म्हणजे काय वस्त्र आहे का अलंकार? काढ की बाहेर. एवढ्यासाठी थांबलास?"

काका धावत परत आले. किल्ली जानव्यातून सोडवून त्यांनी मृण्मयीच्या हातात दिली आणि कुलूप तिने काढलं. आत दोन धोतरं, गोडा मसाला, मेतकूट आणि ताईला आवडतो तो चिवडा होता. पासपोर्ट सगळ्यांत खाली. मृण्मयीने भिंतीपाशी उभं करून त्यांचा फोटो काढला, अर्ज भरला, फी भरली. पडद्यावर आलं: विचाराधीन.

शुक्रवारचं विमान काकांशिवाय गेलं. शौनकने तिकीट पुढच्या मंगळवारचं करून घेतलं. शनिवारी तिकडचं कार्यालय बंद. काका दर तासाला आमच्या दारात यायचे, काही न विचारता मृण्मयीच्या तोंडाकडे बघायचे आणि परत जायचे.

रविवारी दुपारी शौनकचा फोन आला. मी भिंतीअलीकडून ऐकला. काका एवढंच म्हणाले, "काही बोलली का रे?" मग न्हाणीघरात डोक्यावरून पाणी ओतून घेतल्याचा आवाज आला.

परवानगी सोमवारी आली. मृण्मयी ती सांगावी की नाही म्हणून रडत बसली होती. काकांनीच दारात येऊन विचारलं, "आली असेल ना गं आता?"

"आली, काका."

"छापून दे. शौनक एकटा आहे तिकडे. मंत्र म्हणणारं कोणी नाही त्याच्याजवळ."

मंगळवारी मी त्यांना गाडीने मुंबईला सोडलं. निघताना त्यांनी किती वाजले तेही विचारलं नाही. कसारा घाटात मी एकदोनदा काही गंमत सांगायचा प्रयत्न केला. माणूस सवयीचा गुलाम. काका माझी कीव आल्यासारखं हसले.

पोचवायला आलेल्यांना विमानतळाच्या आत सोडत नाहीत. काचेपलीकडे ते रांगेत दिसेनासे झाले आणि थोड्या वेळाने फोन वाजला.

"झालं रे."

"एवढ्यात? कागद बघितला ना त्यांनी?"

"बघितला. म्हणजे, काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं, कागदावर नजर टाकली आणि परत दिला. हसून म्हणाली, काका, खिडकीजवळची जागा देऊ का."  मागे कुठल्या तरी विमानाची घोषणा चालली होती. "मी तिथेच उभा राहिलो रे. मला वाटलं, अजून काहीतरी विचारेल. मागचे लोक म्हणाले, पुढे व्हा बाबा."