चावी दुसऱ्याच्या घराची

मला ह्या धंद्यात सतरा वर्षं झाली. घरं किती विकली ते पटकन सांगता यायचं नाही, पण किस्से विचारा! ते न मागता साठत जातात. घर दाखवायचं म्हणजे अनोळखी माणसाला पार बेडरूमपर्यंत न्यायचं, कपाटं उघडायची, संडाससुद्धा दाखवायचा. मग घरातल्या माणसांचं आपसात काय चाललंय ते कितीही झाकलं तरी दिसतंच. आणि मी तिथंच दारात उभी असते, हातात दुसऱ्याच्या घराची चावी घेऊन.

विजापूर रोडला माझा छोटासा गाळा आहे. बोर्डावर 'इस्टेट एजंट' लिहिलंय, पण लोक मला 'घरवाल्या मॅडम' म्हणतात. आधी राग यायचा. आता फोनवर मीच तसं सांगते.

*

सोलापुरात घर बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? किंमत? दिशा? छे! "पाणी कितव्या दिवशी येतं?"

जुळे सोलापुरात एक रो हाऊस दाखवत होते. मालक बँकेतून रिटायर झालेले, अगदी नीटनेटके गृहस्थ. बघायला आलेलं जोडपं अकलूजचं, म्हणजे दारातून पाणी वाहताना बघत वाढलेलं. बाईंनी तो प्रश्न विचारलाच.

"दिवसाआड!" मालक म्हणाले. "आणि प्रेशर तर विचारू नका." त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. धार बघून मीच चकित! मी त्याच कॉलनीत दोन गल्ल्या सोडून राहते. आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, खरं ना?"

मालक माझ्याकडे बघतायत. बाई माझ्याकडे बघतायत. खोटं बोलले तर बाईंचा घात, खरं बोलले तर मालकांची अब्रू.

तेवढ्यात मागच्या गच्चीवरून शेजारीण ओरडली, "अहो काका, टँकरवाल्याची पाइप आमच्या दारातच राहिलीय! सांगा की त्याला!"

नळ तेवढा वाहत होता. शेवटी मालकच पुढं झाले आणि त्यांनी तो बंद केला.

घर त्यांनी घेतलं, बरं का! बाई म्हणाल्या, "पाणी काय, कुठंच रोज येत नाही. शेजार मात्र चांगला दिसतोय."

*

होटगी रोडच्या एका फ्लॅटचं काम आलं. मालक फोनवर म्हणाले, "सकाळी अकराला या. त्या वेळी घरी मी एकटाच असतो."

मला तेव्हाच समजायला हवं होतं!

मी एका कुटुंबाला घेऊन गेले. ती माणसं टेप काढून स्वयंपाकघराचा ओटा मोजायला लागली, आणि दार उघडून मालकांची बायको आत आली. हातात भाजीची पिशवी. तिला ह्यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं! मुलाला दुकान टाकायचं होतं, त्यासाठी ह्यांनी परस्पर फ्लॅट काढला होता विकायला.

तिनं टेपकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "ओटा मोजताय? नीट मोजा. तीन वर्षं भांडून दोन इंच खाली करून घेतलाय मी."

टेप सट्‌कन आत गेली.

तिनं पिशवी ठेवली, गॅस पेटवला आणि सगळ्यांना चहा केला. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. आवाजच नाही! कप देताना तिनं त्या घेणाऱ्या बाईंना विचारलं, "राहायला कधी येताय?"

"अजून काही ठरलं नाही..."

मग नवऱ्यापुढं कप धरून म्हणाली, "आणि मी कुठं राहायचंय, ते ठरलंय का?"

त्यांनी कप घेतलाच नाही. आम्ही अर्धा चहा तसाच टाकून निघालो. तो सौदा अर्थातच मोडला.

दोन वर्षांनी फोन. "मॅडम, मी ओट्यावाली बोलतेय. फ्लॅट विकायचाय."

मी म्हटलं, "बरं झालं, दोघांचं एकमत झालं म्हणायचं!"

"सकाळी अकराला या. त्या वेळी घरी मी एकटीच असते."

*

पूर्व भागातलं एक जुनं घर. मालक तेलुगू विणकर, सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर मागावर काम केलेलं, त्यामुळे कान गेलेले, आवाज मोठा. घेणाऱ्या कुटुंबातल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, घरात कोणी... गेलंबिलं नाही ना?"

मालकांना कसं विचारायचं? बरं, हळू विचारलं तर ऐकू येत नाही! शेवटी मोठ्यानंच विचारावं लागलं. ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"गेलंय की!" म्हातारा तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला. "बाप इथं गेला. आई इथं गेली. बायको तर ह्याच खोलीत, मागच्या उन्हाळ्यात. पोरं तिघं जन्मली ती पण इथंच. घर आहे अक्का, एस्टी स्टँड नाही!"

काकांचा चेहरा उतरला. आता सगळे उठणार असं मला वाटलं. पण त्यांची म्हातारी आई पुढं झाली, भिंतीवरच्या त्या बायकोच्या फोटोला हात जोडले आणि मुलाला म्हणाली, "बयाना दे."

*

पुढचं सांगायला मला अजून जड जातं, कारण त्यात चूक माझी आहे.

फोन आला की मी आधी आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की कुठल्या सोसायटीत न्यायचं, कुठल्या नाही, हे डोक्यात आपोआप जुळायचं. ह्याला मी 'अनुभव' म्हणायचे.

एक दिवस फोन आला. "नमस्कार मॅडम. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. टू बीएचके बघतोय. आडनाव आधीच सांगून टाकतो, शेख. म्हणजे तुमचं पेट्रोल वाचेल."

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

मी त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं. फ्लॅट एका रिटायर्ड रेल्वे गार्डचा होता. बायको वारलेली, आता ते मुलीकडे पुण्याला निघाले होते. शेख सर, त्यांची बायको आणि लहान मुलगी घर बघत होते, तोच सोसायटीचे चेअरमन दोघांना घेऊन वर आले. दारातूनच मला म्हणाले, "मॅडम, आम्हाला एकदा विचारायचं तरी. आमच्या इथलं वातावरण वेगळं आहे."

शेख सर बाल्कनीत होते. त्यांनी ऐकलं. ते आत आले आणि मुलीला चप्पल घालायला लागले. ती विचारत होती, "अब्बा, माझी खोली कुठली?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

गार्डकाका खुर्चीतून उठले. उठायला त्यांना वेळ लागतो. सगळे थांबले.

"चेअरमनसाहेब, माझ्या बायकोला स्ट्रेचरवरून खाली न्यायचं होतं, तेव्हा चार माणसं मिळेनात. सगळ्यांची दारं बंद. तेव्हा कुठं होतं तुमचं वातावरण?"

चेअरमन परत फिरले. जिना उतरून गेले. गार्डकाका मग त्या मुलीकडे वळले. "तुझी खोली ना? ये, दाखवतो."

सौदा त्याच फ्लॅटचा झाला. मी आता फोनवर आडनाव विचारत नाही. "घरात माणसं किती?" एवढंच विचारते.

*

एकदा माझ्या गाळ्यात तीन भावंडं बसली होती. दोन भाऊ सोलापुरातले, मधली बहीण शांताबाई मंद्रूपला दिलेली. वडिलांचं घर विकायचं होतं. भावांनी येताना हक्कसोडपत्र तयार करून आणलं होतं, म्हणजे बहिणीनं घरातला आपला वाटा सोडला असा कागद. शांताबाईंना एवढंच सांगितलेलं की सही लागते.

थोरला म्हणाला, "कर सही. तुझी एस्टी चुकंल."

"वाच की आदी."

"त्यात काय वाचायचंय?"

शांताबाई म्हणाल्या, "मला वाचाय येत न्हाय म्हून तर तुला म्हन्तीया. तुला पुडं शिकवायचं म्हून माजी शाळा पयलीतच बंद केली हुती आबांनी. मग वाच की!"

धाकटा मोबाईलमध्ये बघायला लागला. थोरल्यानं टेबलावरचा कागद पुढं ओढला. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमक्याचं घर, दक्षिणेला बोळ... सगळं भराभर वाचत गेला. मग, "लिहून देणार शांताबाई यांनी कोणाच्याही दबावाशिवाय, स्व..."

आणि थांबला.

"पुडं?"

वर पंखा फिरत होता. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसले.

"दादा, पुडचा सबुद वाच की."

तो शब्द 'स्वखुशीने' होता. मला समोरून उलटा दिसत होता. थोरल्याचे डोळे भरून आले. त्यानं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो खिशात ठेवला. "चल," म्हणाला, "जेवून जा घरी."

पुढच्या महिन्यात खरेदीखत झालं. विकणाऱ्यांची नावं तीन होती. पहिलं शांताबाईंचं.

*

आता शेवटचा. ह्याच्यासारखा दुसरा माझ्याकडे नाही.

सुनंदा सिस्टर एका खाजगी दवाखान्यात नर्स. मूळच्या जेऊरच्या, सासर अकलूजकडचं. दुसरी पण मुलगीच झाली म्हणून नवऱ्यानं त्यांना माहेरहून परत नेलंच नाही. आठ वर्षं दोन मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत. त्यांना स्वतःचं घर हवं होतं, छोटं का असेना.

आम्ही अकरा घरं बघितली. प्रत्येक घरात त्या एकच करायच्या. मला बाहेर उभं करायच्या, आतून कडी लावायच्या आणि म्हणायच्या, "ढकला." मी ढकलायचे. "जोरात ढकला, मॅडम!" दार हललं की घर नापास. आणि प्रत्येक मालक मला विचारायचा, "ह्यांचे मिस्टर कधी बघणार?"

अक्कलकोट रोडच्या बाजूला एक दार पास झालं. कर्ज मंजूर झालं, तारीख ठरली.

रजिस्टर ऑफिसात तोबा गर्दी. दोन साक्षीदार लागतात. एक मी, दुसरी सिस्टरांची मैत्रीण. आणि ऐन वेळी मैत्रिणीचा फोन, दवाखान्यात इमर्जन्सी आलीय, निघता येत नाही! आमचा नंबर दोन माणसांवर. तारीख हुकली तर मालक थांबणार नव्हता, त्याला दुसरं गिऱ्हाईक होतं. मी ओळखीचं कोणी दिसतंय का म्हणून गर्दीत शोधायला लागले.

आणि दारातून सिस्टरांचा नवरा आला. कोणीतरी कळवलं असणार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात आधार कार्ड.

"माजं नाव पयलं लावायचं!" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "बायकू माजी, तर घर माजं. न्हायतर हितं सही हुऊ देनार न्हाय मी."

मालक घाबरला. "मॅडम, भानगड असेल तर मला नको हे." आठ वर्षांचं सगळं पाच मिनिटांत जाणार असं दिसत होतं.

सिस्टर मात्र त्याच्याकडे नुसतं बघत होत्या, पेशंटकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, "आधार कार्ड आणलंय?"

"आनलंय की!"

"द्या इकडं."

त्यानं मोठ्या ऐटीत काढून दिलं. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. आत जाताना तो सगळ्यांच्या पुढं होता.

क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "घेणार कोण?"

"मी," सिस्टर म्हणाल्या.

"एकट्याच?"

"एकटीच."

"आणि हे?"

सिस्टरांनी आधार कार्ड टेबलावर ठेवलं.

"साक्षीदार."

तो काही म्हणायच्या आत मागच्या नंबरवाल्यांनी त्याला टेबलापर्यंत ढकललं. क्लार्कनं कार्डावरचं नाव टाइप केलं आणि त्याला म्हणाला, "इथं अंगठा ठेवा. कॅमेऱ्याकडे बघा. हलू नका."

तो हलला नाही.