पाटीवरचं चौथं नाव

शुक्रवारी सकाळी आयोनी लेसीला जाग आली ती खांदा ठणकल्यामुळे. शेजारचा कोंबडा आरवला असणारच, पण पावसाळ्यापासून तो तिला ऐकू येत नव्हता. आधी डावा कान गेला. काही दिवस आत नुसतंच घुमायचं, मग तेही थांबलं. आता उजवा कान हळूहळू त्याच वाटेने निघाला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

चौसष्ट वर्षांच्या बाईला कमी ऐकू येतं, यात लपवण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण आयोनी पातेलं लावायची, आणि समुद्रकाठच्या आन्स पेरां गावात पातेलं कानाने उतरवतात.

ऑइल डाउन हे तिथलं एकाच पातेल्यात शिजणारं जेवण, त्याला तळाशी भिजवून उकडलेलं खारं मांस लागतं. त्यावर नीरफणसाच्या जाड फोडी, कच्ची केळी, गाजरं, कांद्याची पात, मग हाताने वळलेले पिठाचे लांबट गोळे, आणि सगळ्यांवर पांघरूण घातल्यासारखी अळूची पानं. हळद कालवलेलं नारळाचं दूध ओतून झाकण घातलं की काम संपलं आणि वाट बघणं सुरू झालं. ढवळायचं नाही, उघडून बघायचं नाही. दूध उकळतंय तोवर पातेलं गुरगुरतं. दूध आटून नुसतं तेल उरलं की गुरगुर थांबते आणि तळाशी बारीक चरचर सुरू होते. पातेलं बोलायला लागलं, असं म्हणतात. त्याच वेळी खालची लाकडं ओढायची. आधी ओढली तर नीरफणस पाणचट राहतो, उशिरा ओढली तर तळ करपतो. आणि मधेच झाकण उचललं तर वाफ जाते, गोळे बसतात आणि बाईचं नाव खराब होतं ते होतंच. मासळीच्या ओट्यावर दोन बायकांचं भांडण हातघाईवर आलं की पहिली शिवी निघते ती 'झाकणउघडी'.

दुसराही एक नियम होता. दुसऱ्याच्या पातेल्याबद्दल कुणी तोंड उघडत नसे. आवाज दहा जणांना ऐकू येवो, सांगायचं कुणी नाही. ज्याचं पातेलं त्याचा कान.

आयोनीने उठून खांद्याला जायफळाचं तेल चोळलं, रात्रभर भिजलेल्या मांसाचं पाणी बदललं आणि कोको पीत पायरीवर बसली. बावीस वर्षं दर शुक्रवारी हेच चाललं होतं. सासूने जाताना पातेलं तिच्या हाती दिलं होतं, नवरा अल्फियस असताना तो लाकडं फोडायचा, आणि तो गेल्याला आता अकरा वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी तिने गावच्या कमिटीला सांगून पाहिलं की आता पुरे. कमिटी हसली. धक्क्यावरच्या निळ्या पाटीवर तिचं नाव होतं ना. 'गावात काय करावं, काय खावं' अशी ती पाटी होती, सात गोष्टींची. पहिली धबधबा, दुसरी जायफळाची वखार, तिसरी रेनिकच्या होडीतून फेरी, आणि चौथी 'शुक्रवारी टांटी आयोनीचं ऑइल डाउन'. राजधानीहून येणारी बस या टांटीच्या, म्हणजे मावशीच्या, नावावर यायची.

"पाटीवर गेलीस म्हणजे संपलं," तिची नणंद क्लोडेट तेव्हा म्हणाली होती. "सहावी गोष्ट बघ. रमच्या गोदामाच्या गच्चीवरून सूर्यास्त. गोदाम वादळात आडवं झालं, तिथे आता शेळ्या चरतात, पण पाटीवरून कुणी उतरवलंय का त्याला? तुलाही उतरवणार नाहीत. तू आडवी झालीस तरी."

क्लोडेट दर शुक्रवारी यायची. बदामाच्या झाडाखाली खोकं उलटं करून बसायची, नारळ खवायची, केळी सोलायची, आणि अखंड बोलायची. पातेल्याला मात्र हात लावायची नाही. सोळा वर्षांची असताना, सेंट पीटरच्या दिवशी, होड्यांना आशीर्वाद द्यायला पाद्री आलेले, सगळं गाव किनाऱ्यावर, आणि क्लोडेटने आईच्या पातेल्याचं झाकण उचललं होतं. आईने पातेलं लेकीला न देता सुनेला दिलं ते त्यामुळेच. दोघींमध्ये हा विषय कधी निघाला नव्हता आणि कधी मिटलाही नव्हता.

त्या शुक्रवारी क्लोडेट आली नाही. दवाखान्यात पाय दाखवायला गेली होती, दुपारच्या बसने येईन असा निरोप होता. आयोनीला थोडं बरंच वाटलं. क्लोडेटच्या बडबडीला अंदाजाने "हं" म्हणत राहणं हेही एक कामच होतं, आणि अलीकडे ते सगळ्यात थकवणारं झालं होतं.

तिने एकटीनेच नारळ फोडले, खवले, दूध पिळलं. खांदा मध्येमध्ये दगडासारखा व्हायचा, मग ती थांबायची. दुपारी दोनला तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढलं. झाकण घालून ती शेजारी बसली.

कान गेल्यावर तिने आपली एक युक्ती काढली होती. फडकं गुंडाळून तळहात झाकणावर ठेवायचा. गुरगुर चालू असते तोवर झाकण जोरात हलतं, दूध आटलं की थरथर बारीक होते. पाच महिने ती असंच करत होती आणि एकदाही चुकली नव्हती. या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता. कान गेले तर गेले, हात आहेत.

साडेतीनला रेनिक आला. तिशीतला असताना त्याने ती निळी पाटी रंगवली होती, आता पन्नाशीला टेकला होता. होडी बांधून सरळ इथेच यायचा, स्वतःचा वाडगा आणायचा आणि तळाचं मागायचा. तळाचं, तेलात मुरलेलं, गावकऱ्यांसाठीच राखलेलं असायचं.

"क्लोडेट कुठंय?" त्याने विचारलं. समोर उभा राहून विचारलं म्हणून आयोनीला कळलं.

"दवाखान्यात. पाय दाखवायला."

"कुठला पाय?"

"दोन्ही. एकच दाखवून परत येणारी आहे का ती?"

रेनिक हसला आणि खोक्यावर बसला. मग तो कोण कुठल्या होडीवर गेलं, ट्यूना कुठे लागला असलं काहीतरी बोलत राहिला आणि आयोनी "हं" म्हणत राहिली. तिचा हात झाकणावर होता. झाकण हलत होतं. थोड्या वेळाने कमी हललं. मग परत तितकंच वाटलं. खांद्यातली कळ बोटांपर्यंत उतरली होती, त्यामुळे थरथर झाकणाची की आपलीच, हे तिला सांगता येईना. ती थांबली. अजून थोडं थांबली.

रेनिकने बोलणं बंद केलं. पातेल्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि समुद्राकडे तोंड करून बसला. बाई बावीस वर्षं लावतेय, तिला माहीत असणार.

वास आला तेव्हा आयोनीला कळलं. हळदीच्या आणि नारळाच्या वासाखालून काहीतरी कडू वर येत होतं. तिने लाकडं ओढली आणि मग, का कोण जाणे, तिने झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. वरची अळूची पानं कडेने काळी पडली होती. झाकण परत ठेवेपर्यंत तिने मान वर केली नाही. केली तेव्हा रेनिक तिच्याकडेच बघत होता.

पाचला बस आली. डेल्विन नावाचा गाइड पुढे, मागे चौदा पाहुणे, लाल झालेल्या नाकांचे. आयोनीने वरवरचं वाढलं. पाहुण्यांनी खाल्लं, डोळे मिटले, आणखी मागितलं.

"टांटी, यांना धुराचा वास फार आवडलाय," डेल्विन तिच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. "विचारतायत, मुद्दाम करता का?"

"सांग त्यांना, खास त्यांच्यासाठी केलंय," आयोनी म्हणाली.

रेनिक रांगेत शेवटी होता. तिने त्याच्या वाडग्यात तळाचं घातलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. त्याने दोन घास खाल्ले. मग वाडगा खोक्यावर ठेवला, टोपी घातली, आणि "येतो, टांटी" म्हणून निघून गेला. बावीस वर्षांत तिच्याकडे कुणी वाडगा टाकून गेलं नव्हतं. चौदा माणसांनी बोटं चाटली होती आणि तिला त्या एका वाडग्यावरून नजर काढता येत नव्हती.

बस गेल्यावर क्लोडेट आली. दोन्ही पायांना पट्ट्या, हातात चपला. वळणावरच तिचं नाक वर झालं होतं. तिने वाडग्यात बोट बुडवलं, चाखलं आणि आयोनीच्या अगदी समोर बसली.

"मी दुपारची बस चुकवायला नको होती," ती म्हणाली. सावकाश, तोंड पूर्ण उघडून म्हणाली.

"तुझ्या बसचा काय संबंध?"

"दर शुक्रवारी पातेलं बोलायला लागलं की मी उठून एप्रनवरचा चोथा झटकायचे. तू बघायचीस आणि लाकडं ओढायचीस. पाच महिने झाले."

"मी हाताने ओळखायचे. झाकणाची थरथर बारीक होते."

"बरं."

"होते बारीक."

"होत असेल. मग आज काय झालं?"

आयोनीची नजर बदामाच्या झाडाकडे गेली. तिला आठवलं, बदामाखाली क्लोडेट उभी राहायची, एप्रन झाडायची, पांढरा चोथा उडायचा. ते तिने दर वेळी पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?" तिने शेवटी विचारलं.

"पाठीमागून तुला तीन शिव्या दिल्या. आईच्या. तू वळलीसुद्धा नाहीस. म्हटलं, एक तर हिला साक्षात्कार झालाय, नाहीतर कान गेलेत."

"आणि सांगितलं नाहीस."

"कुणाच्या पातेल्याबद्दल बोलतं का कोणी? आणि मी बोलायची? झाकणउघडी?"

"आज मीही उघडलं."

क्लोडेट पुढे झुकली. "कुणी पाहिलं?"

"रेनिकने."

"तो नाही सांगायचा." मग पायाची पट्टी सारखी करत ती म्हणाली, "मला तेव्हाही ऐकू आलं होतं. सेंट पीटरच्या दिवशी. पातेलं बोललं होतं. फक्त सोळा वर्षांच्या पोरीचा स्वतःच्या कानावर विश्वास बसेना, म्हणून उघडलं."

"मी दमलेय, क्लोडेट."

"दिसतंय."

"तू लाव आता."

"मला रचता येत नाही. तुझ्यासारखं तर मुळीच नाही. घरी लावते तेव्हा नीरफणस एका बाजूला कलतो."

"मग बंद करू."

"कर. कोण अडवतंय? पाटीवर तुझ्या जागेवरही शेळ्या बांधतील."

मंगळवारी आयोनीने ठरवलं की बंद. बुधवारी ती रेनिकला पाटीवरचं नाव पुसायला सांगणार होती, पण त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आली. त्याच्याकडे बघायला लागलं असतं. गुरुवारी खाटकाच्या बाईने नेहमीचं खारं मांस दारात आणून ठेवलं. ते नको म्हणायला जितकी ताकद लागली असती तितकी भिजत घालायला लागली नाही. तिने ते भिजत घातलं.

शुक्रवारी क्लोडेट सकाळीच आली. दोघींनी मिळून सोललं, चिरलं, पिळलं. रचायला आयोनी एकटी उभी राहिली. फोडी एकमेकींना टेकवत, फटीत केळी बसवत, शेवटी पानांचं पांघरूण. झाकण घातल्यावर क्लोडेटने बदामाखालचं खोकं उचललं आणि चुलीशेजारी आणून ठेवलं.

"तिथे काय करतेस?" आयोनीने विचारलं.

"बसते. तू तिकडे जा. सावलीत."

आयोनी बदामाखाली जाऊन बसली. पातेलं चुलीवर असताना सावलीत बसायची तिला सवय नव्हती. हात मांडीवर कसे ठेवायचे हेही कळेना.

साडेतीनला रेनिक आला. दुसरा वाडगा घेऊन आला, हे तिने आधी पाहिलं. त्याच्याबरोबर होड्यांवरचे आणखी चौघे होते. ते भिंतीलगतच्या टेबलावर डॉमिनो मांडून बसले. आयोनीच्या मानेत उबदार जडपणा आला. डोळे मिटू नयेत म्हणून ती क्लोडेटच्या पायांच्या पट्ट्या बघत राहिली.

क्लोडेट उठली. या वेळी तिने एप्रन झटकला नाही. आयोनीकडे वळून, पाचही पुरुषांच्या देखत, समुद्रावर जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "बोललं. ओढ."

ते आयोनीलाही थोडंसं ऐकू आलं.

टेबलावरचे हात थांबले. एकाने तोंड उघडलं, रेनिकने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ते मिटलं. आता आयोनीला वाटलं असतं तर ती म्हणू शकली असती, माहीतय मला, तू तुझं बघ. गाव तेच खरं मानलं असतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चुलीपाशी गेली आणि एकेक करून तिन्ही लाकडं ओढली.

"बरोबर ना?" तिने क्लोडेटला विचारलं. तेही मोठ्याने.

"बरोबर."

रेनिक वाडगा घेऊन पुढे आला. "तळाचं," तो म्हणाला.

"बसची माणसं येऊ देत आधी. वरचं संपल्याशिवाय तळ कसा निघेल?" क्लोडेट म्हणाली. "आणि या पातेल्याला आता दोन बायका आहेत. मागायचं तर दोघींना माग."

आयोनी परत सावलीत गेली. टेबलावर कुणीतरी सोंगटी आपटली. आवाज तिला आला नाही, टेबल हललेलं दिसलं. बस यायला अजून तासभर होता. तिने डोळे मिटले.