ऑर्फा लिंडक्विस्ट आणि न थांबणारी गाडी

ऑर्फा लिंडक्विस्टला हेलस्टेड स्टेशनात नोकरी लागली ती दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे. गावातले पुरुष सैन्यात गेले, नेब्रास्काच्या त्या लहानशा स्टेशनाला तारमास्तर मिळेना. ऑर्फाने सहा आठवड्यांत तारेची कट्टकडकट्ट शिकून घेतली आणि खुर्चीवर बसली. लढाई संपली, पुरुष परत आले, पण ऑर्फा काही उठली नाही.

"आता पुरे की गं," आई हुल्डा म्हणायची. "घर बघ, संसार बघ."

"घरात तू आहेस. स्टेशनात कोण आहे?" ऑर्फा म्हणायची आणि डबा उचलून चालू लागायची.

एकोणीसशे एकोणपन्नास साली 'प्रेअरी स्वॅलो' सुरू झाली. शिकागोहून डेन्व्हरला जाणारी, नखशिखान्त चकचकीत पोलादाची, वाऱ्याला धार लावल्यासारखं नाक असलेली गाडी. छतावर काचेचे घुमट, आत गालिचे, जेवणाच्या डब्यात टेबलांवर पांढरीशुभ्र कापडं. हेलस्टेडला ती थांबायची नाही. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ताशी ऐंशी मैलांनी यायची आणि धूळ खाली बसायच्या आत क्षितिजावर ठिपका होऊन जायची.

पण त्या ठिपक्याशी ऑर्फाचं रोजचं काम होतं. पुढे मालगाडी कुठे बाजूला घेतलीय, रूळ कुठे दुरुस्तीला काढलेत, हे हुकूम तारेवर यायचे. ते कागदावर उतरवायचे, लांब दांड्याच्या वेताच्या कडीत अडकवायचे आणि रुळांपासून दोन हातांवर उभं राहून कडी उंच धरायची. इंजिनातला ड्रायव्हर खिडकीतून हात काढून कडीत घालायचा, कागद काढून घ्यायचा आणि कडी खाली भिरकावायचा. दुसरी कडी मागच्या डब्यातल्या गार्डसाठी. ऑर्फा ठेंगणी, म्हणून ती खोक्यावर उभी राहायची. गाडी गेली की टोपी, झगा, केस सगळं एका दिशेला.

दिवसाआड गाडी आणणारा ड्रायव्हर होता डेल यार्नेल. त्याची कडी कधी जागेवर पडायची नाही. पाव मैल पुढे, थेट बिटाच्या शेतात. उन्हातान्हात चिखल तुडवत ऑर्फा ती शोधून आणायची. महिनाभर सोसलं, मग एके दिवशी तिने हुकमाबरोबर एक चिठ्ठी अडकवली: "साहेब, कडी माझ्या पायाशी टाका. मी शिकारी कुत्रा नाही."

पुढच्या फेरीला कडी पुन्हा शेतात. पण तिला कागद बांधलेला: "बाई, मी पायाशीच टाकतो. वारा ऐकत नाही. त्याला चिठ्ठी लिहा."

ऑर्फा शेतात उभी राहून एकटीच हसली.

तिथून चिठ्ठ्यांचं सुरू झालं. दर दोन दिवसांनी चार ओळी. त्याची बायको वारून पाच वर्षं झाली होती; हिला मटाराचं सूप आवडायचं; त्याला मासे पकडायला आवडायचं, पण मासे लागायचे नाहीत. एकदा त्याने खिडकीतून संत्रं फेकलं. ते स्टेशनाच्या भिंतीवर असं फुटलं की ऑर्फाला बादली घेऊन भिंत धुवावी लागली. "भेट पोचली," तिने लिहिलं. "भिंतीला आवडली."

असं तीन वर्षं चाललं. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं ते पापणी लवण्याइतकंच.

बावन्नच्या ऑगस्टमध्ये ऑर्फाने नेहमीप्रमाणे पहिली कडी दिली आणि डबे नजरेखालून घालत उभी राहिली. चौथ्या डब्याच्या चाकाशी तिला धूर दिसला. जळक्या तेलाचा भपकारा नाकात गेला. चाकाचा आस तापला होता. असाच धावत राहिला असता तर तुटून अख्खी गाडी रुळांवरून घसरली असती. गार्डची कडी तिने फेकून दिली, लाल निशाण ओढलं आणि शेवटच्या डब्याकडे जिवाच्या आकांताने हलवत ओरडली, "थांबवा! धूर! थांबवा!"

गार्डने ब्रेक ओढला. ठिणग्या उडवत, किंचाळत स्वॅलो मैलभर पुढे जाऊन उभी राहिली.

ऑर्फा पळत पोचली तेव्हा उतारू बिटाच्या शेतात उतरले होते, आचारी आइस्क्रीम वाटत होता आणि एक उंच माणूस तापलेल्या चाकाशी वाकून बसला होता. तो उठला, घाम पुसायला त्याने टोपी काढली.

"तुम्ही यार्नेल?" ऑर्फा धापा टाकत म्हणाली. "अहो, तुम्हाला तर टक्कल आहे!"

त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत यायला वेळ लागला नाही. "आणि तुम्ही एवढ्याशा? मला वाटत होतं सहा फूट असाल."

"खोक्यावर उभी राहते."

"बरं केलंत," तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज बारीक झाला. "गाडीत दोनशे माणसं होती, बाई."

 ऑर्फा रुळाशेजारी मटकन बसली. डेल आचाऱ्याकडून आइस्क्रीमची वाटी घेऊन आला आणि शेजारी बसला. बिघडलेला डबा सोडवून गाडी निघायला तीन तास लागले. तेवढ्यात दोघांचं बोलणं संपलं नाही, म्हणून पुढच्या रविवारी तो मालगाडीत बसून हेलस्टेडला आला.

"हाच का तो भिंत घाण करणारा?" हुल्डाने दारातच विचारलं.

"हाच," डेल म्हणाला. "आज हातात आणलीत." आणि संत्र्यांची पिशवी पुढे केली.

वसंतात लग्न झालं. ऑर्फाने नोकरी सोडली नाही, डेलनेही सोड म्हटलं नाही. पुढे सिग्नलचे दिवे आणि फोन आले, कागदी हुकूम गेले, अठ्ठावन्नला स्टेशन बंद झालं. मग तिने गावच्या पोस्टात काम धरलं. लोक विमानं आणि मोटारींकडे वळले, स्वॅलोचे डबे वर्षागणिक कमी होत गेले, आणि अडुसष्ट साली ती शेवटची धावली. तोवर डेल निवृत्त झाला होता. दोघांनी डेन्व्हरपर्यंतची तिकिटं काढली. ऑर्फाने घुमटाखाली बसून ट्राउट मासा खाल्ला, वर दोनदा ॲपल पाय मागवला.

"मासा कसा आहे?" डेलने विचारलं.

"तू कधी पकडला नाहीस असा," ती म्हणाली, आणि ऊन अंगावर घेत त्याच्या खांद्यावर झोपून गेली. डेन्व्हर येईपर्यंत त्याने तिला उठवलं नाही.