धुरातून रांगताना

हुलसूरला घरी बसून मी व्हर्च्युअल रिॲलिटीची ॲप्स बनवते, असं सांगितलं की माणसं आधी मान डोलावतात आणि मग म्हणतात, "म्हंजे घरीच हायस की." तीन वर्षं हेच ऐकतेय. घरी असणारीला दळण आणायला, गॅसवाल्याची वाट बघायला, शेजारणीचे फॉर्म भरून द्यायला वेळ असतोच, असा अख्ख्या गल्लीचा समज. कामानं जेवढी दमत नाही, तेवढी मी काम करते हे पटवून देताना दमते.

त्या महिन्यात हातात एकच काम होतं. हैदराबादच्या एका कारखान्यासाठी, आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं याचा सराव. डोळ्यांवर हेडसेट चढवला की चहूकडे धूर. गुडघ्यांवर रांगत दार गाठायचं. रांगणार मी, आणि मला जे दिसतं तेच तिकडे क्लायंट आपल्या स्क्रीनवर बघणार. पहिल्या डेमोला मी मधल्या खोलीत "खाली वाका, दार डावीकडे आहे" असं बोलत रांगत होते, तेवढ्यात आत्या आली. तिला वाटलं, पोरीला फिट आली. तिनं हेडसेट ओढून काढला आणि कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. "धावा की कुणीतरी, पोरगी कसं करायलीय बघा!" हे सगळं क्लायंटनं ऐकलं. हसला नाही. "सोमवारी परत बघू. तेव्हाही असंच झालं तर काम दुसऱ्याला देईन," एवढंच म्हणाला. ते काम गेलं असतं तर हेडसेट विकून मी कलबुर्गीत मिळेल ती नोकरी धरणार होते. खरं सांगते, भांडायचं त्राणच उरलं नव्हतं.

सोमवारी अव्वाला, म्हणजे आईला, बजावलं, "तासभर कुणाला आत सोडू नको." भाजी निवडता निवडता ती "व्हय, व्हय" म्हणाली. त्या "व्हय"वर माझा काडीचा विश्वास नव्हता.

आणि मी ऐन धुरात असताना पाहुणे आले, न कळवता. त्यांच्या पुतण्यासाठी मला बघायला. माझे डोळे झाकलेले, कान उघडे. अशा पाहुण्यांना पाणी मुलीनंच द्यायचं असतं. आता अव्वा हाक मारणार, म्हणून मी दात आवळले.

"पोरगी कुठाय, अक्का? घरीच असती म्हणला होता की."

"हाय की. कायकाला बसलीय," अव्वा म्हणाली. "कायकातनं कुणाला उठवत न्हाईत. बसा, पाणी मी देते."

बसवण्णांना मानणाऱ्या घरांत कायक म्हणजे पूजेच्या तोडीचं काम. आमच्या घरात हा शब्द अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानापुरता होता. माझ्या कामाला अव्वा आजवर "डोळ्यावर डबा बांधून बसती" एवढंच म्हणायची.

मला रडू आलं. हेडसेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत. भिंगांवर वाफ धरली, समोरचं काही दिसेना.

"थांबलात का? काही अडचण?" क्लायंटनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "काम चालू आहे."

दार दिसत नव्हतं. पण ते मीच तिथं बसवलं होतं. अंदाजानं रांगत गेले आणि उघडलं.