सालीचा काढा

"हे इंजेक्शनबी झाडाच्या सालीतूनच निघालं म्हणते नर्सबाई. मंग माह्या सालीनं काय घोडं मारलं?"

सावली तालुक्यातल्या खेड्यातून आलेली ती बाई माझ्या आईला विचारत होती. दोघींची केमो चंद्रपूरच्या एकाच दवाखान्यात चालू होती. ती पदराआडून कोल्ड्रिंकची जुनी बाटली काढायची, भिंतीकडे तोंड करून त्यातला काळपट काढा प्यायची आणि ओठ पुसून आमच्याकडे बघून हसायची.

मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. झाडांमधली द्रव्यं आणि कॅन्सरची औषधं एकत्र देण्याचे प्रयोग होतात, हे मी वाचलं होतं. पण तिथे थेंबन् थेंब मोजलेला असतो. तिच्या बाटलीत काय किती होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

लिव्हरचा रिपोर्ट बिघडला म्हणून तिची केमो पुन्हा पुढे ढकलली होती. गाठ मात्र वाढत होती.

"काढ्याचं सांगून टाका ना डॉक्टरला," आई म्हणाली.

"मागं सांगतलं होतं बाई. सगळ्यांसमोर हासला. म्हणे, पाल्यानंच बरं व्हायचं होतं तर इथी काऊन आली?"

तेवढ्यात डॉक्टर आले. रिपोर्टवरून नजर न उचलता त्यांनी तिला विचारलं, "आणखी काही घेता का?"

"नाई जी." तिने बाटली पदराखाली सरकवली.

"डॉक्टर, या काढा पितात," मी म्हणाले. तिने माझ्याकडे चोरी पकडून दिल्यासारखं पाहिलं. "आज हसू नका. कशाचा आहे ते विचारा."