बावीस नंबरचं दुखणं

मिस्त्रींना मी कधी पाच मिनिटं एका जागी उभं राहिलेलं पाहिलं नाही. चहाचा ग्लास हातात घेऊन ते तीन गाड्यांभोवती फिरत आणि तो कुठल्यातरी बॉनेटवर अर्धा राहून जाई. मुलुंडला आमच्या इमारतीला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. "काय बाई, सुटली का शाळा?" असं विचारून मी उत्तर देईपर्यंत ते दुसऱ्या गाडीखाली गेलेले असत.

इंजिन चालू केलं की मात्र ते डोळे मिटून ऐकत. "गाडीच सांगते काय होतंय ते. लोक मध्ये मध्ये बोलतात," ही त्यांची तक्रार.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. घाटकोपरच्या एका दंतवैद्यांनी, भावाने आखातातून पाठवलेली जपानी गाडी मिस्त्रींकडे आणली. सकाळी चालू व्हायला कुरकुरायची, काळा धूर सोडायची आणि स्टिअरिंगसमोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा सारखा पेटलेला. दोन गॅरेजवाल्यांनी बल्बच काढून टाकायचा सल्ला दिला होता. रागावले की मिस्त्री मालवणीत शिरत. "दिवो काढल्यार दुखणा जाता काय?"

पण ऐकून त्यांनाही काही कळेना. दंतवैद्य म्हणाले, सोमवारपर्यंत नाही झालं तर गाडी वांद्र्याच्या मोठ्या गॅरेजात नेतो. त्या संध्याकाळी मिस्त्री गाडीचं जाड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्या दारात आले. "बाई, एवढं वाचून सांगा. आपलं इंग्रजी पाट्यांपुरतं."

मी पुस्तक घेऊन खाली गेले. बॉनेटखालच्या डबीतली दोन टोकं वायरने जोडायची, इंजिन चालू न करता चावी फिरवायची आणि दिवा किती वेळा मिचकतो ते मोजायचं. दिवा दोनदा मिचकला, थांबला, पुन्हा दोनदा मिचकला. दोन आणि दोन, म्हणजे नंबर बावीस. तक्त्यात बावीससमोर लिहिलं होतं, इंजिनातलं पाणी किती तापलं ते कळवणारा पार्ट. आणि खाली, पार्ट बदलण्याआधी वायर तपासा.

वायर आतून हिरवी पडून तुटली होती. मिस्त्रींनी ती जोडली. गाडी पहिल्या चावीला चालू झाली, धूर थांबला, दिवाही विझला. खात्रीसाठी त्यांनी पुन्हा ती दोन टोकं जोडली. पुन्हा बावीस.

पुढचे दोन दिवस त्यांनी त्या गाडीचा पिच्छा सोडला नाही. जोडलेली वायर सोडवायची, परत जोडायची, परत मोजायचं. रविवारी दुपारी त्यांची बायको वर आली. "बाई, कालपासून जेवले नाहीत. नुसते फिरतायत. तुम्ही तरी बोला."

बोलायचं काय, म्हणून मी पुस्तक पुन्हा उघडलं. पान उलटल्यावर चार ओळी होत्या, ज्या मी वाचल्याच नव्हत्या. दुरुस्तीनंतर अमुक फ्यूज थोडा वेळ काढून ठेवावा, नाहीतर जुना नंबर गाडीच्या लक्षात राहतो.

मला जिना उतरवेना. शेवटी गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, माझी चूक झाली. एक पान राहिलं."

त्यांनी फ्यूज काढला, थोड्या वेळाने परत बसवला. आता दिवा न थांबता एकसारखा मिचकत राहिला. पुस्तकाप्रमाणे त्याचा अर्थ, काही बिघाड नाही.

"म्हणजे परवाच बरी झाली होती ती," मिस्त्री म्हणाले. "मीच तिला बरी म्हणत नव्हतो." मग माझ्याकडे न बघता, "बाई, मला शिकवाल?"

वर्षभर ते येत राहिले, खोलीत येरझारा घालत शब्द घोकत राहिले. मग मस्कतच्या एका गॅरेजात काम मिळालं आणि दोन आठवड्यांत ते गेलेसुद्धा. तिथून पुस्तकांतली वाक्यं उतरवून पाठवत, अर्थ विचारत. मी उत्तरं लिहायची.

एका पाकिटात इंग्रजीची अख्खी पानभर नक्कल होती, अक्षर वाकडंतिकडं, आणि प्रत्येक ओळीखाली त्यांनी स्वतः केलेला मराठी अर्थ. शेवटी एवढंच, "बरोबर आहे का कळवा."

मी लाल पेन घेऊन बसले. एकही खूण करावी लागली नाही. "सगळं बरोबर," असं लिहून पाठवलं, आणि त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही.