गप्पबाईंची माडी

औरंगपुऱ्यात त्यांना सगळे ‘गप्पबाई’ म्हणत. का, तर दर रविवारी सकाळी त्यांच्या माडीवर आठ-दहा माणसं जमायची आणि तासभर एक अक्षर न बोलता बसायची. पाद्री नाही, गाणं नाही, घंटा नाही. तास संपला की बाई प्रत्येकाचा हात हातात घ्यायच्या, झालं. पण एरवी बाईंच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

बाई विलायतेच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. या पंथातले लोक गप्प बसूनच प्रार्थना करतात, शपथ घेत नाहीत आणि बंदूक धरत नाहीत. पोलीस ॲक्शननंतर उजाड झालेल्या गावांत धान्य वाटायला आल्या आणि इथंच राहिल्या. वाटताना कुणाचा धर्म विचारला नाही, म्हणून दोन्हीकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या. मराठी शिकल्या तीही आमचीच, लई-व्हयवाली. कलेक्टर असो की हमाल, ‘साहेब’ कुणालाच म्हणत नसत.

मी मुकुंदवाडीच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, पलटणीत शिपाई. लढाईत माझ्या गोळीनं माझ्याच वयाचा एक जण पडला. पाणी मागत मागत माझ्यासमोर गेला. रजेवर आलो तेव्हा मनाशी पक्कं होतं, रायफल पुन्हा धरायची नाही. घरी सांगितलं तर वडिलांनी, आबांनी, काठीच उगारली. एका शेजाऱ्यानं अक्कल शिकवली, नजर कमजोर असल्याचा डॉक्टरचा दाखला घे आणि सूट. मलाही ते पटलं होतं, लपवू कशाला! अशा शिपायांचे अर्ज बाई टाइप करून देतात असं ऐकलं आणि माडी चढलो. त्या पोराचं आणि दाखल्याचं, सगळं बाईंना सांगितलं.

“डोळे चांगले हायेत तुझे,” बाई म्हणाल्या. “त्यांनीच तर त्याला मरताना पाहिलं. त्यांच्यावर कशाला आळ घेतो?” मग सरळ सांगितलं, “खरं लिहिलंस तर तुरुंगात जाशील, हे आधीच सांगते. खोटं लिहायचं असंल तर मी टाइप करणार नाय. रविवारी येऊन बस, मग ठरव.”

रविवारी मी बसलो. थोड्या वेळानं जिन्यावर काठी वाजली. आबा बाईंना फैलावर घ्यायला आले होते! पण खाली माना घालून बसलेली माणसं बघितली आणि त्यांना वाटलं, हे मयतीचं घर. अशा घरात भांडायचं कसं? बिचाऱ्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि कोपऱ्यात बसले, चांगले तासभर. बाईंनी हात हातात घेतला तेव्हा हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“आज कुणी नाय,” बाई म्हणाल्या. “पुढं लढाईत कुणाचं पोरगं जाऊ नये म्हणून बसतो.”

तेव्हा पहिल्यांदा मी आबांना त्या पाणी मागणाऱ्या पोराचं सांगितलं. म्हणालो, “आबा, मी खरंच लिहिणार.” आबांनी भिंतीला टेकवलेली काठी उचलली. “लिही,” एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

‘जखमींची सेवा सांगा, खड्डे खणायला सांगा, करीन. माणूस मारणार नाही.’ असा कागद गेला. सुनावणीला बाई रेल्वेनं आल्या. आत सोडलं नाही, तर छावणीच्या फाटकाबाहेर बसून राहिल्या. एक अधिकारी चिडून म्हणाला, “बाई, तुम्ही आमचा शिपाई बिघडवलात.”

“बिघडला असता तर खोटा दाखला घेऊन आला असता,” बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

मला तुरुंग झाला, नोकरी गेली. लोकांनी भित्रा म्हटलं. म्हणू दे! दाखला घेऊन सुटणं किती सोपं होतं, ते मला ठाऊक आहे. तुरुंगात बाईंची पत्रं यायची. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, ‘रविवारी तुझी जागा रिकामी ठेवते.’

बाई गेल्या त्या दिवशी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एक पुढारी घसा खाकरून भाषणाला उभा राहिला. कोपऱ्यातून थकलेल्या आबांनी काठी आपटली. “खाली बस. इथं बोलायचं नसतंय.” पुढारी निमूट बसला. तासभर सगळे गप्प होते. उठताना शेजारच्यानं माझ्याकडं बोट दाखवून आबांना विचारलं, “फौजेतून पळून आलेला तो ह्योच का?”

“पळाला नाय,” आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तोंडावर सांगून आलाय.” आणि बाई घ्यायच्या तसा त्यांनी माझा हात हातात घेतला.